अवकाशातल्या उंदरांची जनुके आणि कोथरूडमधली उन्हाळी शिकवणी

अकरावीची परीक्षा संपल्यापासून बारावीचे क्लास सुरू होईपर्यंत पुण्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना जी थोडीफार मोकळीक मिळते, ती यंदा आमच्या मुलीने कोथरूडमधील एका खासगी संस्थेच्या चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दिली. विषय होता अवकाश जीवशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र, म्हणजे जनुकीय माहितीचे संगणकाने विश्लेषण करण्याचे शास्त्र. पुढे काही तक्रारी असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. मात्र अशा वर्गासाठी पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, हे पालकांना या अनुभवावरून ठरवता येईल.

अभ्यासक्रमाचा साचा संस्थेचा स्वतःचा नाही. नासाच्या एम्स संशोधन केंद्राने अमेरिकेतील शाळकरी विद्यार्थ्यांसाठी ‘जीनलॅब फॉर हायस्कूल्स’ हा उन्हाळी उपक्रम चालवला असून त्यात मुले अवकाशात जाऊन आलेल्या सजीवांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण शिकतात. ही माहिती नासाच्या खुल्या भांडारात कोणालाही विनामूल्य मिळते, त्यामुळे पुण्यात बसून तीच वाट चालण्यात गैर काहीच नाही. जाहिरातीत नासाचे नाव ज्या आकाराच्या अक्षरांत छापले होते, त्या मानाने संस्थेचा नासाशी काहीही संबंध नाही, ही गोष्ट मात्र विचारल्यावरच कळली.

पहिला आठवडा रेंगाळला. अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते, तिथेही पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जवळजवळ ९० टक्के शिल्लक असते, आणि वजन जाणवत नाही ते स्थानक व त्यातली माणसे सतत मुक्तपतनात असल्यामुळे, हे चांगले समजावले गेले. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने कमी होते, हेही आले. शुभांशू शुक्ला यांनी २०२५ मध्ये स्थानकावर मूग आणि मेथीचे बी रुजवले होते, तो प्रयोग मुलांना सर्वांत जवळचा वाटला. उरलेला वेळ चित्रफिती पाहण्यात गेला, आणि त्यासाठी शुल्क भरण्याची गरज नव्हती.

खरे काम दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. मुलांना ‘रोडंट रिसर्च-१’ या २०१४ मधील मोहिमेतील उंदरांच्या यकृताची आरएनए माहिती, म्हणजे तिथे कोणती जनुके किती सक्रिय होती याची नोंद, देण्यात आली. कच्च्या माहितीची गुणवत्ता तपासणे, आरएनएच्या वाचलेल्या तुकड्यांची खराब टोके छाटणे, उरलेले तुकडे उंदराच्या सुमारे २७० कोटी बेस जोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जनुकसंचावर जुळवणे, प्रत्येक जनुकाच्या वाट्याला किती तुकडे आले ते मोजणे आणि शेवटी अवकाशातील व जमिनीवरील गटांची तुलना करणे, असा तो क्रम आहे. हे सगळे ‘गॅलक्सी’ या मोफत संकेतस्थळावर होते. गणन दूरच्या सर्व्हरवर चालत असल्याने साधा लॅपटॉपही पुरतो. परंतु काही गिगाबाइटच्या फायली सर्व्हरवर थेट दुव्याने मागवता येतात, हे सांगण्याऐवजी सगळ्या वर्गाला त्या आधी आपापल्या लॅपटॉपवर उतरवायला लावल्या, आणि वायफायने माना टाकल्यावर निम्मा दिवस वाया गेला.

तिसऱ्या आठवड्यासाठी मात्र मी हा वर्ग पुन्हा निवडेन. पीएचडी करणाऱ्या एका तरुण संशोधिकेने फळ्यावर साधा हिशेब मांडला. सुमारे २०,००० जनुके एकाच वेळी तपासली आणि पी-मूल्याची, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याच्या शक्यतेची, ०.०५ ही नेहमीची मर्यादा ठेवली, तर काहीही घडलेले नसतानासुद्धा निव्वळ योगायोगाने सुमारे १,००० जनुके बदललेली दिसतील; म्हणून पी-मूल्याची दुरुस्ती करावी लागते. त्यानंतर तिने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध वाचायला दिला. काही उंदरांचे स्थानकावरच विच्छेदन करून ऊती जतन केल्या होत्या, तर काहींची शरीरे गोठवून पृथ्वीवर आणल्यानंतर विच्छेदन झाले होते. आणि जतन करण्याच्या पद्धतीमुळे जनुकांच्या आविष्कारात (ती किती सक्रिय आहेत यात) पडलेला फरक अवकाश व जमीन यांच्यातील फरकालाही झाकून टाकत होता. आदल्या आठवड्यात आपण ज्याला अवकाशाचा परिणाम म्हणत होतो तो कदाचित शीतकपाटाचा परिणाम असेल, हे कळल्यावर मुलांनी आपले आलेख पुन्हा उघडून कोणता नमुना कसा जतन केला होता ते शोधायला सुरुवात केली. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये असा संशय घ्यायला कोणी शिकवत नाही, तिथे त्याला गुणही नाहीत.

चौथ्या आठवड्यात ही कमाई बरीचशी उधळली गेली. प्रत्येक गटाने एक संशोधन प्रस्ताव लिहून भित्तिपत्रक मांडायचे होते. माहितीपत्रकात ‘शोधनिबंध’ असे म्हटले होते, पण चार आठवड्यांत शाळकरी मुलांकडून शोधनिबंध होत नाही आणि होऊही नये. सादरीकरणात मायटोकॉन्ड्रियाविषयीची इंग्रजी वाक्ये घडाघडा म्हणली गेली. प्रत्येक गटात उंदीर किती होते, या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडली. टिपणेही फक्त इंग्रजीत होती, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली दोन-तीन मुले तोंडी मराठीत उत्तम बोलूनही कागदावर मागे पडली.

आणखी एक उणीव पुण्यात तरी अक्षम्य वाटते. विद्यापीठाच्या आवारात १९८७ पासूनचे जैवमाहितीशास्त्र केंद्र आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. कोथरूडहून तासाभरात गाठता येतील अशा या ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी भेट ठरवलेली नव्हती. पिपेट (द्रव मोजून घेण्याची प्रयोगशाळेतली नळी) हातात न धरता मुले जनुकांबद्दल बोलत राहिली.

शुल्क माझ्या मते निम्मे असते तर रास्त ठरले असते, कारण माहिती आणि साधने दोन्ही फुकट आहेत आणि पैसे जातात ते केवळ शिकवणाऱ्याच्या वेळेसाठी. म्हणूनच नोंदणीपूर्वी संख्याशास्त्राचा भाग कोण शिकवणार आणि त्याला किती दिवस दिले आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या माहितीपत्रकात संचालकांचे छायाचित्र पानभर होते. त्या संशोधिकेचे नाव कुठेही नव्हते.