हॉथॉर्नची मेंबरशिप आणि एएफएलचे वाकडे वेळापत्रक

एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, पाहण्यासाठी एखाद्या क्लबची वार्षिक मेंबरशिप घ्यावी का, असा प्रश्न मेलबर्नला नव्याने आलेली मराठी मंडळी अनेकदा विचारतात, आणि उत्तर बहुधा आसन, सवलत आणि गळ्यात घालायचा स्कार्फ यांच्याभोवतीच फिरत राहते. माझ्या मते या पाकिटात विकली जाणारी खरी वस्तू एकच आहे, ती म्हणजे हंगामाचे वेळापत्रक; आपला संघ कोणाशी, कुठे, कोणत्या दिवशी आणि किती वेळा खेळणार, यावरच आपण भरलेल्या पैशांचे मोल ठरते. म्हणून हे परीक्षण खुर्चीपेक्षा वेळापत्रकाचे अधिक आहे. मी हॉथॉर्न या मेलबर्नच्या क्लबाचा सभासद आहे, त्यामुळे पुढे जिलॉन्ग या आमच्या जुन्या वैरी क्लबाविषयी जे येईल ते वाचताना माझा पक्ष लक्षात असू द्यावा.

स्पर्धेत १८ क्लब आहेत आणि अंतिम फेऱ्यांपूर्वी, म्हणजे वरच्या संघांच्या बाद सामन्यांपूर्वी, प्रत्येकाच्या वाट्याला २३ सामने येतात. सरळ हिशेब आहे: उरलेल्या १७ क्लबांशी एकेकदा खेळून झाले की सहा सामने उरतात, म्हणजे सहा प्रतिस्पर्ध्यांशी दुसऱ्यांदा गाठ पडते आणि अकरा जणांशी पडत नाही. हे सहा कोण, यावरच इथल्या चाहत्यांची निम्मी भांडणे उभी असतात. पूर्वी असे नव्हते. १९७० ते १९८६ या काळात एएफएलचे पूर्वरूप असलेल्या व्हिक्टोरियन लीगमध्ये १२ क्लब होते आणि फेऱ्या २२ होत्या, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाशी एकदा आपल्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळत असे. १९८७ साली वेस्ट कोस्ट आणि ब्रिस्बेन बेअर्स हे दोन नवे क्लब आले, क्लबांची संख्या १४ झाली, आणि तेव्हा मोडलेले ते गणित आजतागायत पुन्हा जुळलेले नाही. आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला हे नवे वाटू नये. तिथेही २०२२ पासून दहा संघांना १४ सामन्यांत बसवताना पाच संघांशी दोनदा आणि चार संघांशी एकदाच खेळावे लागते. फरक इतकाच की आयपीएलमध्ये त्यावरून कोणी शेजाऱ्याशी बोलणे सोडत नाही.

लीगने यावर काढलेला उपाय कागदावर समंजस दिसतो. मागच्या हंगामाच्या गुणतक्त्याचे सहा-सहाचे तीन गट करायचे आणि वरच्या गटातल्या क्लबांना दुबार सामने देताना बलवान प्रतिस्पर्धी अधिक द्यायचे, तळाच्या गटाला कमी द्यायचे. दोष असा की मागच्या वर्षीचा तक्ता या वर्षीच्या ताकदीविषयी फार थोडे सांगतो. कॉलिंगवूड २०२१ मध्ये सतरावे होते आणि पुढच्याच वर्षी चौथे आले. आमचे हॉथॉर्न २०२३ मध्ये सोळावे होते. २०२४ मध्ये पहिले पाचही सामने हरून सातव्या स्थानावर पोहोचले आणि उपांत्यपूर्व टप्प्यात पोर्ट ॲडलेडकडून केवळ तीन गुणांनी पराभूत झाले. ज्यांना त्या वर्षी ‘दुबळा’ म्हणून हॉथॉर्न दोनदा मिळाला, त्यांच्या हाती काय पडले हे त्यांनाच विचारावे. उलट जिलॉन्ग २०२२ चे विजेतेपद मिळवून पुढच्या वर्षी बाराव्या स्थानी घसरले, त्यामुळे २०२४ च्या वेळापत्रकात त्यांची गणना मधल्या गटात झाली, आणि त्या हंगामात ते तिसरे आले. यात कोणी लबाडी केली असे नाही; ज्या संघाचे एखादेच वर्ष वाईट जाते, त्याला ही पद्धत आपोआप बक्षीस देते.

त्यातच या सहांपैकी काही जागा आधीच अडवलेल्या असतात. पर्थमधले वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटल, ॲडलेडमधले दोन क्लब, सिडनीतले दोन आणि क्वीन्सलँडमधले दोन हे आपल्या शेजाऱ्याशी दरवर्षी दोनदा खेळतात, कारण त्या सामन्यांना शहर लोटते. शेजारी दुबळा असेल त्या वर्षी ही चंगळ असते, बलवान असेल तर शिक्षा. आणि एखाद्या सोप्या सामन्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने २०२२ च्या साखळी फेऱ्यांचा शेवटचा रविवार आठवावा: कार्लटन आणि वेस्टर्न बुलडॉग्ज यांचे विजय सारखेच होते, आणि गुणांच्या टक्केवारीतल्या (केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणातल्या) एक टक्क्याहूनही कमी फरकाने बुलडॉग्ज अंतिम फेऱ्यांत जाणाऱ्या पहिल्या आठात आले, कार्लटन नवव्या स्थानी राहिले. इतक्या बारीक फरकावर हंगाम ठरणार असेल, तर एका क्लबाला तळाच्या संघाशी दोनदा आणि दुसऱ्याला एकदाच खेळवणे ही क्षुल्लक बाब राहत नाही.

आता मैदानांकडे वळतो, कारण सभासदाच्या खिशाशी त्यांचा संबंध अधिक थेट आहे. प्रत्येक क्लबाचे अकरा सामने ‘घरचे’, अकरा ‘बाहेरचे’ आणि एक गॅदर राउंडमधला, म्हणजे सगळे क्लब ॲडलेडला जमतात त्या फेरीतला असतो; ही फेरी २०२३ पासून सुरू झाली. हॉथॉर्नच्या घरच्या अकरांपैकी चार सामने टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला होतात. तिथल्या सरकारच्या प्रायोजकत्वाने क्लबाचे अर्थकारण सावरले आणि तिथली आमची कामगिरीही उत्तम आहे, तरीही मेलबर्नच्या पूर्व उपनगरांत राहणाऱ्या सभासदाने पैसे भरण्यापूर्वी हे समजून घ्यावे की ‘घर’ हा शब्द या व्यवहारात बासच्या सामुद्रधुनीपलीकडेही लागू होतो. मेंबरशिप निवडताना मेलबर्नमधले सामने नेमके किती मिळतात, हे मोजूनच प्रकार ठरवावा.

मेलबर्नमधले सामने मात्र मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे एमसीजीवर असतात, आणि या एका गोष्टीसाठी मी मेंबरशिपला पाचपैकी चार तारे देईन. सुमारे एक लाख प्रेक्षक सामावणारे हे मैदान आपल्याला क्रिकेटमुळे ओळखीचे आहे. अजिंक्य रहाणेने २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत ११२ धावा इथेच काढल्या. जोलिमाँट किंवा रिचमंड स्थानकावर उतरून यारा पार्कमधून चालत जाता येते, घरून डबा नेण्यास मनाई नाही, आणि मैदानावरचा मांसाचे सारण भरलेला ‘मीट पाय’ आणि डब्यातली मिर्ची यांपैकी आपल्याला काय भावते हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रतिस्पर्धी क्लबाचे चाहते शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असतात आणि तरीही कुंपणे लागत नाहीत, हे युरोपातला फुटबॉल दूरचित्रवाणीवर पाहून आलेल्याला प्रथम खरे वाटत नाही.

परंतु हेच सुख इतरांच्या वाट्याचे दुःख आहे, आणि परीक्षणात ते लपवणे योग्य नाही. पर्थहून मेलबर्न सुमारे २,७०० किलोमीटर दूर आहे आणि वेस्ट कोस्ट किंवा फ्रीमँटलच्या खेळाडूंना साधारणतः एक आठवडा सोडून एकदा असा लांबचा प्रवास करावा लागतो, तर मेलबर्नमधला मोठा क्लब अनेक आठवडे ट्रामच्या अंतरावरच खेळत असतो. अंतिम सामना तर करारानुसार २०५९ पर्यंत एमसीजीवरच होणार आहे. २०२० मध्ये ब्रिस्बेनला आणि २०२१ मध्ये पर्थला तो गेला तो केवळ महामारीमुळे. २०१५ मध्ये वेस्ट कोस्ट आमच्या वर, दुसऱ्या स्थानी होते, त्यांनी पात्रता सामन्यात, म्हणजे अंतिम फेऱ्यांच्या पहिल्या टप्प्यात, पर्थला आम्हाला ३२ गुणांनी हरवले होते, आणि तरीही अंतिम सामना आमच्या रोजच्या मैदानावर झाला, जिथे आम्ही ४६ गुणांनी जिंकलो. त्याच्या आदल्या वर्षी सिडनी तक्त्यात अव्वल असूनही तेच घडले होते, फरक होता ६३ गुणांचा. त्या दोन्ही चषकांचा मला अभिमान आहे आणि ते संघ कुठेही जिंकले असते असे माझे मतही आहे. पण ते सिद्ध करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

जिलॉन्गविषयी इतक्या थोडक्यात सांगता येणार नाही. मेलबर्नपासून सुमारे ७५ किलोमीटरवरचे हे शहर, त्याचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लब आणि आमचा तपकिरी-सोनेरी क्लब यांचे वैर १९८९ च्या अंतिम सामन्यापासून जुन्या पिढीच्या अंगात भिनलेले आहे. त्या दिवशी गॅरी ॲब्लेट थोरला याने एकट्याने नऊ गोल केले, आमच्या डर्मट ब्रेरटनच्या बरगड्या पहिल्याच झटापटीत मोडल्या, तो मैदान सोडून गेला नाही, आणि हॉथॉर्न सहा गुणांनी, म्हणजे नेमक्या एका गोलाने जिंकले. २००८ मध्येही जिलॉन्गविरुद्धचा अंतिम सामना आम्ही जिंकला. त्यानंतर आमचे तेव्हाचे अध्यक्ष आणि व्हिक्टोरियाचे माजी मुख्यमंत्री जेफ केनेट यांनी जिलॉन्गकडे आमच्याइतकी मानसिक जिद्द नाही, अशा अर्थाचे विधान जाहीरपणे केले, आणि जिलॉन्गने आम्हाला पुढचे सलग अकरा सामने हरवले. कधी एका गुणाने, कधी २०१२ प्रमाणे सामना संपल्याचा भोंगा वाजून गेल्यावर टॉम हॉकिन्सने मारलेल्या गोलाने. ‘केनेटचा शाप’ या नावाने ती मालिका ओळखली जाते, आणि ती २०१३ च्या उपांत्य सामन्यात पाच गुणांनी तुटली तेव्हा चषक जिंकल्याइतकेच हायसे वाटले होते. २०१६ च्या पात्रता सामन्यात पुन्हा तेच: आम्ही दोन गुणांनी मागे, भोंगा वाजलेला, चेंडू आयझॅक स्मिथच्या हातात, आणि लाथ गोलाबाहेर. हा स्मिथ पुढे जिलॉन्गला गेला आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक घेऊन आला. २०२५ च्या उपांत्य सामन्यात त्यांनी आम्हाला ३० गुणांनी बाहेर काढले, ते अगदी ताजे आहे.

अशा प्रतिस्पर्ध्याबद्दल वेळापत्रकाची तक्रार करणे स्वाभाविक आहे, आणि ती आमच्या बाजूच्या बाकांवर दर हंगामात ऐकू येते: कार्डिनिया पार्क हे जिलॉन्गचे स्वतःचे मैदान आहे, ते एमसीजीपेक्षा पुष्कळ अरुंद आहे, सुमारे ११५ मीटर रुंदीचे, तिथे खेळण्याची सवय त्यांनाच, आणि मेलबर्नमधल्या कोणत्याही क्लबाकडे असा किल्ला उरलेला नाही. यात तथ्य आहे. पण ही तक्रार करणारा हॉथॉर्नचा माणूस दोन गोष्टी विसरतो. एक, आमच्याशी होणारा ईस्टर सोमवारचा सामना एमसीजीवर असतो, त्यामुळे हा अरुंद मैदानाचा त्रास आमच्यापेक्षा इतरांनाच अधिक होतो. दुसरी गोष्ट मोठी आहे. जिलॉन्गने वर्षभर कष्ट करून वरचे स्थान मिळवले की अंतिम फेऱ्यांतला त्यांचा ‘घरचा’ सामना बहुतेक वेळा एमसीजीवरच हलवला जातो. २०१६ मध्ये दुसऱ्या स्थानावरच्या जिलॉन्गने तिसऱ्या स्थानावरच्या आमचे यजमानपद आमच्याच मैदानावर केले. २०१७ मध्ये तर रिचमंडविरुद्धच्या त्यांच्या यजमान सामन्याला एमसीजीवर ९५ हजारांहून अधिक लोक आले, त्यांतले बहुसंख्य रिचमंडचे होते, आणि जिलॉन्ग ५१ गुणांनी हरले. कारण उघड आहे: विस्तारानंतरही कार्डिनिया पार्कमध्ये ४० हजारच बसतात, आणि ५५ हजार तिकिटे सोडून देण्याची लीगची तयारी नाही. २०१३ मध्ये त्यांना घरच्या मैदानावर पात्रता सामना मिळाला होता, त्यात फ्रीमँटलने त्यांना हरवले, हा नशिबाचा भाग. वेळापत्रकाने कोणावर अन्याय केला असे विचारले, तर मला नाइलाजाने पर्थनंतर जिलॉन्गचेच नाव घ्यावे लागते, आणि हॉथॉर्नचे बरेच खाली.

म्हणूनच मला दुबार सामन्यांच्या वादापेक्षा पैशाचा मुद्दा अधिक मूलभूत वाटतो. २०२५ ते २०३१ या सात वर्षांच्या प्रसारणहक्कांसाठी साडेचार अब्ज डॉलरचा करार झालेला आहे, आणि वेळापत्रक हे त्या कराराचेच अपत्य आहे. ॲन्झॅक दिनाचा, म्हणजे २५ एप्रिलच्या सैनिक-स्मृतिदिनाचा, सामना १९९५ पासून कॉलिंगवूड आणि एसेंडन यांच्याकडेच राहिला आहे, संघ तक्त्यात कितीही तळाला असोत. शुक्रवारच्या रात्री मोठ्या क्लबांना मिळतात, लहान क्लबांना रविवारची संध्याकाळ. ज्याचे सामने टीव्हीवर दिसतात त्याचे प्रायोजक वाढतात, सभासद वाढतात, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा तीच वेळ देण्याचे कारण तयार होते. १७ फेऱ्यांचा, प्रत्येकाशी एकदाच खेळण्याचा आणि मैदान आलटून-पालटून ठरवण्याचा पर्याय स्वच्छ आहे, पण सहा फेऱ्यांचे उत्पन्न सोडायला क्लबही तयार नाहीत, केवळ लीगच नाही. २०२८ मध्ये टास्मानिया एकोणिसावा क्लब म्हणून येणार आहे; तेव्हा लॉन्सेस्टनमधल्या आमच्या चार सामन्यांचा प्रश्न निकाली निघेल, गणित मात्र आणखी विषम होईल. वेळापत्रकाला मी पाचपैकी दोन तारे देतो, त्यांतला एक ईस्टर सोमवारसाठी.

खरेदी करणाऱ्यासाठी शेवटची व्यवहाराची सूचना. आरंभीच्या फेऱ्यांचे दिवस आणि वेळा हंगामापूर्वी जाहीर होतात. उत्तरार्धात सामना कोणाशी आहे हे कळलेले असते, पण तो गुरुवारी आहे की रविवारी, हे लीग मागाहून ठरवते, म्हणजे रंगतदार सामने टीव्हीच्या चांगल्या वेळेला लावता येतात. हा उत्तरार्ध आणि त्यामागोमाग सप्टेंबरमधल्या अंतिम फेऱ्या नेमक्या गणेशोत्सवाच्या आगेमागे येतात. भारताचे विमान, मंडळातली जबाबदारी आणि ऑगस्टमधली तिकिटे यांची सांगड घालणाऱ्या कुटुंबाने सर्व सामन्यांची महागडी राखीव खुर्ची न घेता मोजक्या सामन्यांची मेंबरशिप घ्यावी, आणि जिलॉन्गविरुद्धच्या ईस्टर सोमवारचे तिकीट तिच्यात येते की वेगळे काढावे लागते, हे पैसे भरण्याआधी क्लबाला विचारून घ्यावे.