ढेकर काढताना: खांद्यावर की मांडीवर?

दूध पिताना बाळ हवाही गिळतं, बाटलीने पिणारं जरा जास्तच. ती बाहेर काढायच्या या दोन पद्धती.

खांद्यावर घेतलं की बाळाची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकते, पोटावर हलका दाब येतो आणि ढेकर बहुतेक वेळा पटकन येतो. बाळ शांतही होतं. म्हणून पिऊन झाल्यावर, विशेषतः रात्री, मी हीच पद्धत निवडेन. अडचण एवढीच की बाळाचा चेहरा दिसत नाही. नाक कपड्यात दबलेलं नाही ना, हे मान वळवून बघावं लागतं. गुळणी थेट आपल्या पाठीवर येते, तेव्हा खांद्यावर फडकं हवंच.

मांडीवर बसवायचं तर पकड नीट जमायला हवी. बाळाला किंचित पुढे झुकवायचं, एक तळवा त्याच्या छातीवर आणि त्याच हाताच्या बोटांचा जबड्याला आधार. गळ्यावर अजिबात दाब नको. दुसऱ्या हाताने, तळवा पोकळ ठेवून, पाठीवर हळू थोपटायचं. मान न धरलेल्या तान्ह्याला असं बसवताना नवख्या हातांना भीती वाटते, आणि ते साहजिकच आहे. पण पाजताना मध्येच, म्हणजे बाजू बदलताना किंवा बाटलीतलं ६० ते ९० मिली संपल्यावर, हीच पद्धत सोयीची. चेहरा दिसत राहतो, लगेच पुन्हा पाजता येतं.

काही मिनिटांत ढेकर आला नाही तर थोपटत बसू नका. अंगावर पिणाऱ्या काही बाळांना तो येतच नाही. मात्र जोराच्या उलट्या होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.