‘४९९ रुपयांपासून’ गाडी उघडून देणाऱ्यांबाबत

कोकणात स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की इंटरनेटवरील नकाशावर दापोली, गुहागर किंवा मालवणचा पत्ता दाखवणारा चावीवाला त्या गावात असतोच असे नाही.

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावातली सुरमई डिकीत ठेवताना माझ्या गाडीची किल्लीही आत राहिली. दारे आधीच लॉक होती आणि दुसरी किल्ली पुण्यात. नकाशावर दापोली बाजारपेठेचा पत्ता असलेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाला हर्णै कुठे आहे हेही ठाऊक नव्हते, मात्र ‘४९९ पासून’ आणि ‘अर्ध्या तासात’ ही उत्तरे त्याच्या तोंडी तयार होती. टोकन म्हणून २०० रुपये क्यूआर कोडवर घेतले गेले आणि बऱ्याच उशिराने भलताच एक तरुण दुचाकीवरून आला.

त्याने काचेच्या रबरातून एक तार दोन-चारदा आत-बाहेर केली, ‘लॉक जाम आहे’ असे जाहीर केले आणि मी काही विचारण्याआधीच चालकाच्या दाराच्या कुलपाला ड्रिल लावले. धातूचा चुरा हँडलखालच्या रंगावरून ओघळत होता आणि त्याच्या उघड्या पिशवीत रबराची एक चपटी पिशवी व लांब सळई तशीच पडून होती. त्या दोन वस्तू कशासाठी असतात, हे पुढे चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळले: पिशवी दाराच्या फटीत सरकवून हवा भरली की फट किंचित रुंदावते आणि सळईने आतले बटण दाबता येते. कुलपाला हात लावावा लागत नाही. पण मग साडेसहा हजारांचे बिल कसे होणार? व्हिजिट, रात्रीचा आकार, ‘हाय सिक्युरिटी लॉक’ आणि ड्रिल अशी बेरीज त्याने तोंडीच केली, पावती दिली नाही, आणि पैसे जमा होईपर्यंत डिकीतून काढलेली किल्ली स्वतःच्या मुठीत ठेवली. नव्या कुलपाचा खर्च वेगळाच.

सर्वांत खटकणारी बाब ही, की त्याने आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) किंवा ओळखपत्र एकदाही मागितले नाही. गाडी माझी नसती तरी त्याने ती तितक्याच तत्परतेने फोडली असती.

विमा पॉलिसीत किंवा गाडीच्या वॉरंटीत रोडसाइड असिस्टन्स (वाटेत गाडी अडल्यास मिळणारी मदत) असेल, तर किल्ली आत अडकल्यास त्यात काय मिळते हे वाचून तो क्रमांक मोबाइलमध्ये साठवावा, कारण पॉलिसीचा कागद नेमका लॉक झालेल्या गाडीतच असतो. आरसी डिजीलॉकरमध्ये ठेवावी. बाहेरच्या माणसाला बोलवायचेच असेल, तर जवळच्या गॅरेजवाल्याकडून किंवा हॉटेलमालकाकडून ओळखीचा माणूस मागवावा, एकूण रक्कम व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावी आणि ‘ड्रिल करणार नाही’ हेही त्यात यावे. मूल आत अडकले असेल, तर मात्र कोणाची वाट न पाहता मुलापासून दूरची काच फोडावी व ११२ वर फोन करावा.

टोकन घेऊन कोणी आलेच नाही, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जादा आकारणीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मी दिलेल्या तक्रारीनंतर ती दापोलीची नोंद नकाशावरून गेली, पण तोच मोबाइल क्रमांक आता वेगळ्या नावाने गुहागरच्या पत्त्यावर दिसतो आहे.