५१२ जीबीचं कार्ड, साडेतीनशे रुपये आणि रिकामं फुटेज

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात बेसा, मनीषनगरकडच्या ले-आउटमध्ये घरांना कुलपं लागतात आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, वायफाय कॅमेऱ्यांची विचारपूस वाढते. बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा, मान फिरवणारा तो कॅमेरा. खोक्यावरचं ‘फोर के’ कुणी फारसं मनावर घेऊ नये, पण चित्र निदान दिसतं तरी. खरी टोपी घातली जाते ती सोबतच्या मेमरी कार्डात. ‘‘भाऊ, कंपनीचा सरप्लस माल आहे, ५१२ जीबी, साडेतीनशेत नेऊन टाका.’’ वर कार्ड मोबाइलमध्ये घालून आकडाही दाखवतात. आकडा बरोबर असतो, म्हणून गिऱ्हाईक पैसे काढतं.

तो आकडा कार्डानं स्वतःच सांगितलेला असतो. कार्डात डेटा साठवणारी फ्लॅश चिप असते आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा कंट्रोलर असतो. नकली कार्डात चिप बहुधा ८ किंवा १६ जीबीची असते, पण कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, ५१२ लिहून ठेवलेलं असतं. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांपैकी कुणीच आत जाऊन मोजत नाही. क्विक फॉरमॅटही बिनबोभाट पार पडतं, कारण त्यात फक्त सुरुवातीची फाइलींची यादी नव्यानं लिहिली जाते.

आता हिशेब बघा. साधा १०८० पी कॅमेरा सुमारे १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट) वेगानं सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. म्हणजे ८ जीबीची चिप अठरा तासांत भरते. कॅमेरा लावल्यावर संध्याकाळी घरचे सगळे जमून दुपारचं फुटेज बघतात, ते स्वच्छ दिसतं, आणि इथेच शंका मिटते. पुढचं लिखाण काही कार्डांत सरळ हवेत जातं, काहींत पुन्हा सुरुवातीपासून जुन्यावर चढतं. अ‍ॅपमध्ये मात्र रेकॉर्डिंगची खूण तशीच लुकलुकत असते. लाइव्ह चित्र आणि हालचालीचे अलर्ट वायफायवरून येतात. त्यांचा कार्डाशी काही संबंध नाही, त्यामुळे तेही चोख चालतात. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात असल्यानं नावं, वेळ, साइज सगळं दिसतं. चोरीनंतर त्या रात्रीची फाइल उघडावी तर काळा पडदा, नाहीतर ‘फाइल चालत नाही’ असा निरोप.

कधीकधी नवं लिखाण त्या यादीवरच चढतं. मग कॅमेरा ‘कार्ड फॉरमॅट करा’ म्हणतो, लोक ‘हो’ दाबतात, आणि पुढचे अठरा तास पुन्हा छान जातात.

तक्रार घेऊन गेलं की उत्तर तयार असतं: ‘‘उन्हानं गेलं भाऊ, नागपूरचं ऊन!’’ मे महिन्यात पारा ४५ च्या वर जात असताना हे पटतंही. पण चांगल्या कंपन्यांच्या बहुतेक कार्डांवर ८५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते. पश्चिमेच्या भिंतीवर आधी दमतो तो कॅमेरा. उष्णतेनं किंवा झिजून मेलेलं कार्ड साधारणपणे ओळखलंच जात नाही, किंवा त्यावर नवं काही लिहिता येत नाही. जे कार्ड ओळखलं जातं, पूर्ण ५१२ दाखवतं, यादीही दाखवतं आणि तरी आत काहीच नसतं, ते जानेवारीतही तसंच वागलं असतं.

तपासायचं ते कॅमेऱ्यात घालण्याआधी. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही. कार्ड रिकामं करून कार्ड रीडरमधून जोडा, भाषा इंग्रजी निवडा, टार्गेट म्हणून तेच कार्ड द्या, ‘ऑल अव्हेलेबल स्पेस’ ठेवा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. १२८ जीबीला दोन-तीन तास सहज लागतात. घाई करून ‘फक्त १ जीबी तपास’ असं सांगितलंत तर नकली कार्डही पहिल्या वर्गात पास होईल. शेवटी किती डेटा ‘ओके’ आणि किती ‘लॉस्ट’ ते येतं. लिनक्स आणि मॅकवर हेच काम ‘एफथ्री’ करतं. खरं १२८ चं कार्ड विंडोजवर ११९ च्या आसपास दिसतं, त्याला फसवणूक समजू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

कॉम्प्युटर चालवायचा नसेल, तर मोठे व्हिडिओ टाकून कार्ड पूर्ण भरा, बाहेर काढून पुन्हा घाला आणि पहिला, मधला, शेवटचा व्हिडिओ चालवून बघा. न काढता बघितलंत तर शेवटचा व्हिडिओ मशीनच्या तात्पुरत्या मेमरीतून चालू शकतो आणि कार्ड विनाकारण सुटतं.

मुळात घरच्या एका कॅमेऱ्याला ५१२ हवंच कशाला? १२८ मध्ये साधारण ११ दिवसांचं सततचं फुटेज बसतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं कार्ड घ्या, ते सतत लिहिण्यासाठीच बनवलेलं असतं. आपल्या कॅमेऱ्याची कमाल क्षमता मात्र आधी बघून घ्या. स्वस्तातले बरेच कॅमेरे १२८ च्या पुढचं कार्ड घेतच नाहीत.

दुकानात घेतलं तर पक्कं बिल मागा, त्यावर कंपनी आणि जीबी लिहून घ्या, पैसे यूपीआयनं द्या. पाकिटावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष नसेल तर ते तिथेच ठेवा. ऑनलाइन मागवलं असेल तर पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी पूर्ण तपासणी उरका.

नकली निघालं तर चाचणीचा निकाल ‘कॉपी टू क्लिपबोर्ड’ बटणानं जपून ठेवा, बिलासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. साडेतीनशेसाठी कोण जातंय, या भरवशावरच हा धंदा चालतो. दुकानदार बदलून द्यायला तयार झाला तर जुनं कार्ड हातातून सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि बदलून मिळालेल्या कार्डालाही तेच दोन-तीन तास द्या.