अर्व्हिन की मीटिअर? डलूथला एकच जहाज बघायचं असेल तर

अमेरिकेत सुपीरियर तळ्याकाठच्या डलूथला यायचं ठरलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात: आता संग्रहालय झालेल्या दोन जुन्या मालवाहू जहाजांपैकी बंदरातलं 'विल्यम ए. अर्व्हिन' बघू, की पूल ओलांडून पलीकडच्या सुपीरियर शहरात बार्कर्स आयलंडवरचं 'मीटिअर'? लोहखनिज दोघांनीही वाहिलं. पण मिनियापोलिसहून अडीच तास गाडी चालवून, मुलाबाळांसकट आल्यावर धड एकच बघून होतं.

अर्व्हिन देखणं आहे, यात वादच नाही. ६१० फूट लांब, १९३८ पासून ४० वर्षं धावलेलं, यू. एस. स्टील कंपनीच्या ताफ्यातलं मानाचं जहाज. मला खटकल्या त्या बड्या पाहुण्यांच्या ओक लाकडाने मढवलेल्या खोल्या. आमची मंडळी तिथेच रमली. परतताना गाडीत गप्पा झाल्या त्या पलंगांच्या आणि जेवणाच्या टेबलाच्या. माल कसा चढायचा, कसा उतरायचा, हे कुणी विचारलंच नाही, आणि मी तर तेवढ्यासाठीच आलो होतो.

मीटिअर १८९६ चं, 'फ्रँक रॉकफेलर' नावाने सुपीरियरमध्येच बांधलेलं. कॅप्टन अलेक्झांडर मॅकडूगल यांच्या 'व्हेलबॅक' घडणीचं हे एकच जहाज आज उरलंय. डेक गोलाकार, लाट वरून सरळ घसरून जावी म्हणून. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, डुकराच्या मुसकटासारखी, म्हणून खलाशी या जहाजांना 'पिग बोट' म्हणत. त्या गोलाईपायी हॅच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची डेकवरची तोंडं, अरुंद ठेवावे लागले आणि पुढे माल उपसणारी मोठी ह्यूलेट यंत्रं आली, तेव्हा ती आत नीट उतरेनात. ही जहाजं मागे पडण्याचं ते एक मोठं कारण. म्हणून मग मीटिअरने मिळेल ते काम केलं: खनिज, वाळू, मोटारी आणि १९४३ पासून तेल. १९६९ मध्ये मिशिगनमधल्या मार्केट (Marquette) शहराजवळ तळ खडकाला लागला आणि नोकरी संपली.

तेलासाठी आतून बरंच बदललंय, त्यामुळे खनिजाचा मूळ खण बघायला मिळेल अशी आशा धरू नका. तरी पोटात उतरून रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगेवरून हात फिरवला, तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, हे सगळे हाताने ठोकले?" अर्व्हिनवर तिने असं काही विचारलं नव्हतं.

थाट बघायचा असेल तर अर्व्हिन खुशाल बघा, वाया जाणार नाही. पण पुन्हा जायचं झालं तर मी आधी पूल ओलांडेन. जुलैतही जॅकेट घ्या, तळ्यावरचा वारा बोचतो.