विकतचं अ‍ॅड-इन सोडून डेटा टेबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

सिम्युलेशनच्या (यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे आकडे घालून तोच हिशोब शेकडो वेळा करून बघण्याच्या) विकतच्या अ‍ॅड-इनची, म्हणजे एक्सेलला जोडायच्या सॉफ्टवेअरची, मुदत संपली आणि खरेदीच्या मॉडेलची फाइल उघडली, तर नफ्याचे आकडे असायचे त्या प्रत्येक सेलमध्ये एरर. सूत्रं माझी, आकडे माझे, पण ते बघायचे तर पुन्हा वर्षाची वर्गणी भरा, असं सपोर्टवाल्यांचं म्हणणं. निदान जुने निकाल वाचता येतील अशी सोय द्या म्हटलं, तर ‘तशी योजना नाही’ एवढंच उत्तर आलं. वर्षातून मोजक्या मोठ्या ऑर्डरी ठरवण्यासाठी एवढे पैसे घालणं मला पटेना. मग सगळं मॉडेल साध्या एक्सेलमध्ये, डेटा टेबलच्या (इनपुट बदलून तेच सूत्र पुन्हापुन्हा मोजणाऱ्या एक्सेलच्याच सोयीच्या) जोरावर पुन्हा उभं केलं. गेले काही महिने तेच चालवतोय.

सिम्युलेशन हवंच कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशोब. वस्तू 40 ला घ्यायची, 100 ला विकायची, हंगामानंतर उरलेली 20 ला काढायची. मागणी सरासरी 500, प्रमाण विचलन (मागणी सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होते त्याचं माप) 100. मागणीच्या सेलमध्ये नुसती सरासरी टाकली की मॉडेल सांगतं, 500 मागवा, नफा 30,000. हा आकडा खोटा आहे. मागणी कमी आली की माल अंगावर पडतो, जास्त आली की विकायला माल नसतो. दोन्ही बाजूंची चढउतार धरली तर 500 च्या ऑर्डरवर सरासरी नफा 26,800 च्या आसपास येतो. शिवाय 500 ही योग्य ऑर्डरच नाही. एक नग कमी पडला तर 60 जातात, एक उरला तर 20 च जातात, म्हणून 567 च्या जवळपास मागवलेलं बरं. तिथे सरासरी नफा साधारण 27,450 होतो. सरासरी घालून बनवलेल्या शीटवर लोक मोठमोठे निर्णय घेतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

आता डेटा टेबल. मागणीच्या सेलमध्ये नॉर्म.इन्व्ह (सरासरी आणि विचलनावरून मागणी काढणारं सूत्र) आणि त्याच्या आत रँड (दर वेळी 0 ते 1 मधला यादृच्छिक आकडा देणारं सूत्र). एका रकान्यात 1 ते 1000 आकडे, शेजारी वरच्या ओळीत नफ्याच्या सेलचा संदर्भ. मग व्हॉट-इफ अ‍ॅनालिसिसमधून डेटा टेबल, आणि कॉलम इनपुट म्हणून कुठलाही रिकामा सेल. बस. प्रत्येक ओळीसाठी एक्सेल पूर्ण मॉडेल नव्याने मोजतं, दर वेळी रँड बदलतो, आणि हजार हंगाम समोर येतात. एकही मॅक्रो नाही, एक पैसाही नाही. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

पण डेटा टेबलच्या ‘एकाच शीटवर’च्या नियमाबद्दल बोललंच पाहिजे. डेटा टेबलचा इनपुट सेल टेबल असलेल्या शीटवरच हवा. गृहीतकं वेगळ्या शीटवर ठेवा, हा मॉडेल बांधण्याचा पहिला धडा, आणि ही सोय नेमकी तोच मोडायला लावते. दुसऱ्या शीटवरचा सेल दिला की संदर्भ चुकीचा असल्याचा निरोप येतो; का चुकीचा, ते सांगत नाही. सुरुवातीला मी एवढ्यावरच हे सगळं निकालात काढणार होतो. आता मत थोडं मवाळ झालंय. सिम्युलेशनला रिकामा सेलच लागतो, तो टेबलच्याच शीटवर कुठेही घेता येतो, म्हणजे तिथे नियम आड येतच नाही. आड येतो तो किंमत आणि ऑर्डर अशा दोन गोष्टी एकदम बदलून बघताना. त्यावर उपाय असा: खरा इनपुट टेबलच्या शीटवर ठेवायचा आणि गृहीतकांच्या शीटवर फक्त त्याचा संदर्भ द्यायचा. काम होतं, पण फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की तो माणूस गृहीतकांच्या शीटवर आकडा टाइप करतो, संदर्भ पुसला जातो आणि टेबल मुकाट्याने जुन्याच इनपुटवर खेळत राहतं. मी आता त्या सेलला रंग देऊन शीट प्रोटेक्ट करतो.

वेग हा दुसरा मुद्दा. कुठलाही सेल बदलला की हजार ओळी पुन्हा मोजल्या जातात. ‘ऑटोमॅटिक एक्सेप्ट फॉर डेटा टेबल्स’ निवडा आणि हवं तेव्हा एफ9 दाबा. मात्र हे सेटिंग फाइलपुरतं राहत नाही. आधी उघडलेल्या फाइलवरून पुढच्या फाइलींना लागू होतं. त्यामुळे कुणाच्या मशीनवर टेबल शिळं असू शकतं. बैठकीआधी एफ9 दाबाच.

दर एफ9 ला सरासरी साधारण दीडशेने मागेपुढे होते. 500 आणि 567 यांतला फरकच साडेसहाशेचा, त्यामुळे दोन ऑर्डरी वेगवेगळ्या चालवून तुलना करू नका. मागणीचा एकच सेल ठेवा, त्यावरून 450 ते 650 पर्यंतच्या ऑर्डरींचे नफे शेजारीशेजारी काढा आणि सगळे एकाच टेबलमध्ये घ्या. हंगाम तोच, ऑर्डर वेगळी. नशिबाचा भाग तुलनेतून बराचसा गळून जातो. ही सवय अ‍ॅड-इनच्या काळात मला कुणी लावली नव्हती.

सॉल्व्हर (सर्वांत चांगलं उत्तर आपोआप शोधणारी एक्सेलची सोय) मात्र या टेबलवर सोडू नका. रँडमुळे प्रत्येक प्रयत्नाला लक्ष्यच हलतं. आधी यादृच्छिक आकडे व्हॅल्यू म्हणून चिकटवा.

दोन वस्तूंची मागणी एकत्र वरखाली होत असेल, तर दुसरीचा यादृच्छिक घटक पहिलीच्या घटकातून सहसंबंध वापरून काढता येतो, एका सूत्राचं काम आहे. वीस वस्तू झाल्या की मात्र मॅट्रिक्सचं गणित हाताने मांडावं लागतं. तेवढा पसारा ज्यांचा आहे त्यांनी अ‍ॅड-इनची वर्गणी भरावी. फक्त मुदत संपण्याआधी निकालांची प्रत साध्या आकड्यांत काढून ठेवावी.