कोकणात लाकडी सांगाड्याचं घर: वर्षभराचा अनुभव, त्यातला निम्मा भुंग्याचा

आधी राग काढून घेते, मग घराबद्दल चांगलं लिहायला मन मोकळं होईल. छपराच्या वाशांचं लाकूड ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्याकडे भुंगा वाशांना भोकं पाडतोय अशी तक्रार केली होती, तिचं उत्तर काल आलं. वॉरंटी वाळवी आणि बुरशीपुरती आहे, भुंगा त्यात बसत नाही. दोन ओळींचं उत्तर, आणि शेवटी हात जोडलेलं चित्र.

घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्याचं जोतं, त्यावर खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या भिंती जांभ्याच्याच पण छपराचा भार न घेणाऱ्या, वर मंगलोरी कौलं. खांब जुन्या सागाचे, पुण्यात पेठेतला एक वाडा पाडला त्यातले. तुळया ऐन-किंजळीच्या, म्हणजे इकडच्या टणक लाकडाच्या. वासे मात्र आयात पाइनचे. पाइन कुठून शिरला? हिशोबातून. जुना साग मला घनफुटाला अठ्ठावीसशेला पडला, पाइन नऊशेच्या आत, आणि वाशांना लाकूड लागतं भरपूर. शिवाय पाइन सरळसोट, भट्टीत वाळवलेला, रसायन पाजलेला. कागदावर नाव ठेवायला जागा नाही.

भुंगा म्हणजे लाकडाचा भुसा पाडणारा बारीक किडा नव्हे. हा मोठा, काळा, निळसर पंखांचा, हेलिकॉप्टरसारखा आवाज करत पडवीत फिरणारा. मादी वाशाच्या खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढं गोल भोक पाडते, इतकं गोल की सुताराने गिरमिटाने पाडलंय असं वाटावं. इंचभर सरळ वर जाते आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेबरोबर आडवं बीळ कोरत जाते. खाली फरशीवर पिवळट भुशाची ढिगुळी, भिंतीवर तिच्या विष्ठेचे पिवळे ओघळ. सकाळी झाडून काढायचं, दुपारी पुन्हा तेच. वाशाला कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. पाव्हणे आले की त्यांनाही कान लावायला लावते, सहन एकटीनेच का करायचं.

गोम अशी की वाळवी लाकूड खाते, म्हणून लाकडात भरलेलं विष तिच्या पोटात जातं. भुंगा लाकूड खात नाही, कोरून बाहेर टाकतो. तो जगतो फुलांच्या मधावर आणि परागांवर. मग त्या ट्रीटमेंटचं त्याला काय होय? हे पुरवठादाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक नसेल तर त्याने लाकूड विकू नये. सागाच्या खांबाला आणि ऐनाच्या तुळईला एकही भोक नाही, म्हणजे भुंग्यालाही मऊ लाकूड कळतं. मादी जुनी बिळं पुन्हा वापरते आणि लेकीही तिथेच आसपास घर करतात, त्यामुळे पुढच्या वर्षी हे आपोआप संपेल ही आशा सोडा. नवरा डासांची रॅकेट घेऊन पडवीत उभा राहतो. जो तोंडासमोर येऊन अंगावर धावल्यासारखं करतो तो नर, त्याला नांगीच नसते. नवऱ्याची सगळी मर्दुमकी त्याच्यावरच चालते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "असू दे गं, तुझ्या शेवग्याला शेंगा त्याच्यामुळेच लागल्यात." शेवग्यावर भुंगा येतो हे खरंच, पण शेंगा बाजारात मिळतात, वासे मिळत नाहीत.

बाकी घराला मी मनापासून चांगलं म्हणते. खांब जमिनीत गाडलेले नाहीत, तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभे आहेत आणि तळखडा फरशीच्या वर चार बोटं आहे. फरशी पुसताना लाकडाला पाणी लागत नाही, आणि वाळवी चढलीच तर तिची मातीची नळी दगडावर उघडी दिसते. एकदा दिसलीही. ब्रशने झाडली, औषध मारलं, विषय संपला. वासे आढ्याशी आणि तुळईशी लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेतले, कारण २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडची छपरं कशी उडाली ते आम्ही पाहिलं होतं. पट्ट्यांचा खर्च वाशांच्या मानाने किरकोळ, टाळू नका. पाखं भिंतीपासून तीन फूट बाहेर काढलंय, तरी आषाढातली झड पश्चिमेच्या भिंतीला भिजवतेच. तिथे पूर्वीसारखे झावळ्यांचे आडोसे लावले. दिसायला बेंगरूळ, पण फुकट.

दारांची गंमत वेगळी. जूनच्या शेवटी फणसाचं मधलं दार चौकटीत अडकलं. मी रंधा मारून द्या म्हणून मिस्त्रींच्या मागे लागले. ते म्हणाले, "वहिनी, आता तासलंत तर दिवाळीला फटीतून मांजर जाईल." अडकलेल्या दारासकट पावसाळा काढला. ऑक्टोबरच्या उन्हात ते आपसूक सुटलं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आटतं. खांबाला वरपासून खालपर्यंत रुपया जाईल एवढी उभी भेग दिसली की लोक घाबरून फोन करतात. उभ्या भेगेला घाबरू नका. तुळईच्या टोकाशी, खाचेत कुसू (लाकडाचं निमुळतं कोरलेलं टोक) बसतो तिथे आडवी चीर दिसली तर मात्र मिस्त्रींना लगेच बोलवा.

त्या फणसाबद्दल दोन ओळी. झाड आमच्याच परसातलं, वठलेलं. तरी तोडायला परवानगी लागते, कारण आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ हे सगळे १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत. मग वाहतूक पास, मग लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, मग सॉ मिल. पावसाआधी लाकूड हवं असेल तर गणपती झाले की अर्ज टाका.

विम्याचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. पाहणीला आलेल्या मुलाने पडवीत पाय टाकला, वर बघितलं आणि फॉर्मवर "कच्चं बांधकाम" अशी खूण केली. पॉलिसीत कच्चं म्हणजे भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्यांचं, गवताचं, बांबूचं, ताडपत्रीचं. आमच्या भिंती जांभ्याच्या, छप्पर कौलांचं. तो म्हणे, "पण मॅडम, सगळं लाकूडच दिसतंय." दोष एकट्या त्याचाही नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली ती २०२० मध्ये उठवली. मधल्या काळात शिकलेल्या पिढीला लाकूड म्हटलं की झोपडी नाहीतर रिसॉर्ट एवढंच दिसतं. जोत्यापासून कौलांपर्यंतचे फोटो पाठवले, व्याख्येची ओळ अधोरेखित करून पाठवली, तेव्हा कुठे "पक्कं" झालं.

महिन्यानंतरची भर: वरचं लिहिलं तेव्हा "वाशांना पाइन नकोच" असं ठणकावून सांगणार होते. आता थोडं मागे घेते. मिस्त्रींनी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं, होड्यांना लावतात ते. रिकाम्या बिळांत लाकडी खुंट्या गोंद लावून ठोकल्या आणि पडवीच्या वाशांना त्या तेलाचे दोन हात दिले. हातमोजे घालाच, कातडी भाजते, नवऱ्याच्या मनगटावर फोड आले. आठवडाभर वासाने डोकं उठतं. पण तेल लावलेल्या वाशांवर भुंगा बसायला येतो, फिरतो आणि निघून जातो. मागच्या पडवीत तेल संपलं म्हणून दोन वासे कोरडे राहिले, तिथे त्याचं काम जोरात चालू आहे. याहून चांगला पुरावा मला नको. खर्च पुरवठादाराच्या "प्रीमियम कोटिंग"च्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही.

फक्त एक झालं. ज्या पिवळसर, गुळगुळीत पाइनच्या रूपावर भाळले होते, ते वासे आता चुलीवरच्या माळ्यासारखे काळेकुट्ट दिसतात. एवढं काळंच करायचं होतं तर किंजळ घेतली असती, ती परवडली असती की नाही हा वेगळा हिशोब, आणि तो मी सध्या मांडत नाहीये. बांधायला निघालेल्यांनी मात्र मांडावा: पाइनच्या भावात तेल, मजुरी आणि दर दोन वर्षांनी शिडी लावणं धरूनच.

पुरवठादाराला नव्याने मेल केलाय. करारातली शेवटची पाच टक्के रक्कम अजून माझ्याकडे आहे. भोकं पडलेले वासे बदलून मिळेपर्यंत ती माझ्याकडेच राहील.